माईआत्याची कपबशी

मध्यंतरी माईआत्याचा फोन आला. वय वर्षं ऐंशी. कानाने जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे ती फोनवर बोलत नाही, जाहीर करते.

"यादीत नवं नाव लिहिलं रे! चार वर्षांनी लिहिलं!"

कुठली यादी हे आमच्या नातेवाईक मंडळींना सांगायची गरज नाही. बाकीच्या वाचकांसाठी सांगतो. माईआत्याकडे ऑफिसातल्या लेजरची एक लांबोडकी वही आहे. त्यात पहिल्या पानापासून मुंबईच्या महापौरांची नावं ओळीने लिहिलेली आहेत. डावीकडे साल, मध्ये नाव, आणि उजवीकडे जिथे जमाखर्चाचे आकडे यायचे, तिथे आत्याचा शेरा. काही जणांना एक शब्द, काहींना चार ओळी. काहींपुढे नुसतीच रेघ. "यांच्याबद्दल चांगलं काही आठवलं नाही आणि वाईट लिहायला जागा पुरली नाही" असं त्या रेघेचं स्पष्टीकरण.

तर आज या वहीबद्दल, मुंबईच्या महापौरांबद्दल आणि माईआत्याबद्दल थोडं लिहायचं आहे. नातेवाईकांनी मात्र शेवटपर्यंत वाचावं. तुमच्यासाठी एक गोष्ट शेवटी आहे, आणि ती सांगायला मी चौतीस वर्षं लावली आहेत.

माईआत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. फोर्टात एका खाजगी कंपनीत टायपिस्ट म्हणून लागली आणि तिथूनच निवृत्त झाली. गिरगावातल्या चाळीत दोन खोल्यांत आम्ही सहा जण राहायचो. आजी, बाबा, आई, काका, माईआत्या आणि मी. शनिवारी तिचं ऑफिस अर्धा दिवस असायचं. सुट्टीच्या दिवसांत कधीकधी ती मला बरोबर न्यायची, आणि येताना आम्ही बोरीबंदरपाशी थांबायचो. समोर महापालिकेची ती दगडी इमारत. २५५ फूट उंच मनोरा. लहान मुलाला तो राजवाडाच वाटणार.

मी एकदा विचारलं होतं, "इथला राजा कोण?"

आत्याने समोरच्या फिरोजशहा मेहतांच्या पुतळ्याकडे बोट दाखवलं. "राजा कोणी नाही. आणि नाही, ते या माणसामुळे."

तेव्हा काही कळलं नव्हतं. पुढे ती थोडं थोडं सांगत गेली. तिचं सगळं सांगणं वाचनालयातल्या पुस्तकांवर पोसलेलं. त्यातलं जे पक्कं डोक्यात राहिलंय ते असं.

१८६५ साली मुंबईसाठी नवा कायदा झाला आणि शहराचा कारभार एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती दिला गेला. त्या वेळी महापालिका म्हणजे सरकारने नेमलेले 'जस्टिस ऑफ द पीस'. निवडून आलेला एकही माणूस नाही. पहिला कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. मोठा धडाडीचा माणूस. रस्ते रुंद केले, गटारांची कामं काढली, बाजार बांधला. आपण ज्याला अजून क्रॉफर्ड मार्केट म्हणतो आणि ज्याचं नाव आता महात्मा जोतिबा फुले मंडई आहे, तो १८६९ मध्ये उभा राहिला. पण साहेबांचा हात सढळ. खर्च इतका वाढला की १८७१ मध्ये करदाते उठले. पैसे आमचे आणि हिशेब विचारायचा हक्क मात्र आम्हाला नाही, हे कसं?

लोकांना कमिशनर हे पदच नको होतं. त्यात तिशीही न गाठलेले बॅरिस्टर फिरोजशहा मेहता उभे राहिले आणि लोकांना न आवडणारी गोष्ट बोलले. त्यांचं म्हणणं असं की काम करायला हात एकाचाच हवा, समितीच्या हातून काम होत नसतं. दोष कमिशनरचा नाही. त्याला जाब विचारायला करदात्यांनी निवडलेली माणसं समोर नाहीत, हा दोष आहे. तेव्हा कमिशनर ठेवा आणि त्याच्यासमोर निवडून आलेली महापालिका बसवा. सभेत त्यांची हुर्यो झाली. पण १८७२ च्या कायद्यात ६४ सभासदांपैकी निम्मे करदात्यांनी निवडायचे असं ठरलं. पुढे १८८८ चा कायदा आला. त्याच्या घडणीत मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग या दोघांचा मोठा हात होता. तो कायदा असंख्य दुरुस्त्या अंगावर घेऊन अजूनही चालू आहे. महापालिका, स्थायी समिती आणि आयुक्त अशी कारभाराची तिवई तिथली. महापालिका धोरण ठरवणार, स्थायी समिती पैशाची पिशवी सांभाळणार, आणि अंमल करणार आयुक्त. तो नेमणार सरकार.

"मग महापौर काय करतो?" मी विचारलं होतं.

"महापौर म्हणजे लग्नातला नवरदेव," आत्या म्हणाली. "हार त्याच्या गळ्यात, फोटो त्याचा, घोड्यावर तो. पण पंगतीत लाडू किती वाढायचे हे ठरवणार मुलीचा मामा. आणि मामाला धाडलंय सरकारने."

मुळात महापौर हा शब्दच उशिरा आला. १९३१ पर्यंत त्या पदाला अध्यक्षच म्हणत. त्या साली 'मेयर' हे नाव आलं आणि पहिले मेयर झाले जे. बी. बोमन-बेहराम. त्याला 'महापौर' हा मराठी शब्द सावरकरांनी दिला. आत्याची वही बोमन-बेहरामांपासून सुरू होते. शेरा असा: "नाव नवे, अधिकार जुनेच."

वहीतली काही नावं मला पाठ आहेत. १९३७ चे डॉ. ई. मोझेस. वरळीच्या रस्त्यावर त्यांचं नाव आपण रोज बसच्या पाटीवर वाचतो, पण ते बेने इस्रायली होते, म्हणजे मराठी बोलणाऱ्या ज्यू समाजातले, हे कितींना ठाऊक असेल? त्या काळात हिंदू, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशी आळीपाळीने महापौरपदाची पाळी लावायचा संकेत होता. पद वर्षाचं. आज आपल्याला हे ऐकून गंमत वाटते.

१९४२, युसुफ मेहेरअली. महापौरपदासाठी नाव पुढे आलं तेव्हा ते लाहोरच्या तुरुंगात होते. सुटून आले, निवडून आले, आणि त्याच ऑगस्टमध्ये गवालिया टँकच्या अधिवेशनानंतर पुन्हा आत. 'चले जाव' ही घोषणा ज्यांच्या नावावर सांगतात ते हेच. आत्याचा शेरा: "खुर्चीपेक्षा कोठडीत जास्त."

१९५६, सुलोचना मोदी. पहिली बाई. त्यांच्या नावाखाली आत्याने लाल पेन्सिलीने दोनदा रेघ ओढली आहे. ती स्वतः तेव्हा दहा वर्षांची. आजीने तिला पेपरात बातमी दाखवली होती म्हणे.

मग संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. १९५७ च्या निवडणुकीत समितीने महापालिका जिंकली. आचार्य दोंदे महापौर झाले, मग मीरतच्या खटल्यात तुरुंग भोगलेले कॉम्रेड मिरजकर, आणि १९५९ मध्ये रिपब्लिकन पक्षाचे पी. टी. बोराळे, शहराचे पहिले दलित महापौर. मिरजकरांपुढे शेरा आहे, "सरकारने ज्याला बेडी घातली, त्याला गावाने हार घातला." हा शेरा मला सगळ्यात आवडतो. नंतरच्या पानांवर डॉ. हेमचंद्र गुप्ते, सुधीर जोशी, मनोहर जोशी, छगन भुजबळ. त्यातले कोण पुढे मुख्यमंत्री झाले, कोण मंत्री, ते सगळ्यांना माहीत आहे. शेरे मी इथे देत नाही. काही मंडळी हयात आहेत आणि आत्याची जीभ तुम्हाला माहीत आहे :-)

असो. आता १९९२ कडे येतो.

त्या वर्षी मुंबई महापालिकेच्या निवडणुकीत पहिल्यांदाच बायकांसाठी तीस टक्के जागा राखीव ठेवल्या होत्या. मतदानाचं वयही एकवीसवरून अठरावर आलं होतं. म्हणजे मी पहिल्यांदाच मत देणार होतो. आमचा वॉर्ड बायकांसाठी राखीव निघाला. आणि एक दिवस ऑफिसातून आल्यावर माईआत्याने चप्पल काढता काढता सांगितलं, "मी फॉर्म भरतेय."

बाबा म्हणाले, "कसला?"

"नगरसेवकाचा."

काकाला हसू आवरेना. आईने गॅस बारीक केला आणि बाहेर येऊन उभी राहिली. आजी तेवढी म्हणाली, "भर. कोणी भरायला नको का?"

तसं बघितलं तर आत्या योग्यच होती. चाळीतल्या आणि आजूबाजूच्या चार चाळींतल्या लोकांचे अर्ज तीच लिहायची. जन्माचा दाखला, रेशनकार्ड, नळाचं कनेक्शन, म्हातारीची पेन्शन. ऑफिसातून उरलेला कार्बन पेपर घरी आणायची आणि प्रत्येक अर्जाची प्रत ठेवायची. कुठल्या खात्यात कुठल्या खिडकीवर जायचं, साहेब किती वाजता जागेवर असतो, सगळं तोंडपाठ. पण तिच्यामागे पक्ष नव्हता. अपक्ष. चिन्ह मिळालं कपबशी.

प्रचार म्हणजे काय, तर सायक्लोस्टाइल केलेली पत्रकं आणि संध्याकाळी चाळींच्या जिन्यांवर चढउतार. बरोबर आजी. सत्तरी ओलांडलेली, हात थरथरणारा, पण नऊवारी नीट नेसून प्रत्येक मजल्यावर. "माझी मुलगी आहे. कपबशी. विसरू नका." 

आणि आत्या काय बोलायची? इथेच सगळं घोडं अडलं. बाकीचे उमेदवार म्हणायचे, नळ आणतो, संडास बांधतो, रस्ता करतो. आत्या म्हणायची, "मी नळ आणीन असं म्हणणार नाही. नगरसेवकाला नळ आणता येत नाही. १८८८ चा कायदा आहे. काम आयुक्त करतो. मी फक्त विचारू शकते. पण मी विचारीन, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारीन."

आता सांगा, अशा बाईला कोण मत देणार?

लोक हसायचे. बायका म्हणायच्या, "माईताई, तुमचं बरोबर आहे हो," आणि नवरे सांगतील तिकडे शिक्का मारायच्या. मी कॉलेजात होतो. गल्लीतली माझी सगळी मित्रमंडळी एका मोठ्या पक्षाच्या प्रचारात. ट्रक, झेंडे, संध्याकाळी वडापाव आणि कटिंग. मला पाहिलं की कोणीतरी ओरडायचं, "ए कपबशी, चहा आण!" मी हसण्यावारी न्यायचो. पण खरं सांगायचं तर मला लाज वाटायची. विजेच्या खांबावर आत्याचा फोटो लागलेला. पांढऱ्या कडांची चष्म्याची फ्रेम, कपाळावर केस चापूनचोपून बसवलेले. कॉलेजला जाताना मी त्या खांबाच्या पलीकडच्या फुटपाथवरून जायचो.

मतदानाच्या आधी आठवडाभर आजीचा सराव चालला होता. आजीचं पहिलं मतदान १९४८ सालचं. त्याआधी मुंबईत महापालिकेचं मत हे घरपट्टी भरणाऱ्याचं, पुढे ठराविक भाडं भरणाऱ्याचं. प्रौढ असण्यापुरतं मत मिळालं ते १९४८ च्या महापालिका निवडणुकीत. देशाच्या पहिल्या निवडणुकीच्याही आधी. आजी तेव्हा तिशीची. त्यानंतर तिने एकही निवडणूक चुकवली नव्हती. पण आता हात हलायचा, आणि शिक्का दोन चिन्हांच्या मध्ये पडला की मत बाद. म्हणून ती औषधाच्या बाटलीच्या बुचाला निळी शाई लावून महाराष्ट्र टाइम्सच्या समासात शिक्के मारत बसायची. पेनाने चौकटी आखून दिल्या होत्या बाबांनी. बाहेर गेला की "छ्या!" आत पडला की माझ्याकडे बघून हसायची.

मतदान झालं. दुसऱ्या दिवशी मोजणी. आत्या स्वतःच स्वतःची प्रतिनिधी म्हणून आत बसली होती. रात्री आली ती थेट मोरीत जाऊन हातपाय धुवून पाटावर बसली. आईने ताट वाढलं. आत्या म्हणाली, "डिपॉझिट गेलं. २१३ मतं."

कोणी काही बोललं नाही.

मग भाताचा घास हातात धरून ती म्हणाली, "आपल्या पेटीत पाच निघाली."

घरात मतं सहा होती.

हे वाक्य कोणी म्हटलं नाही, पण प्रत्येकाने मनात केलं. काका बाबांकडे बघत होता, बाबा आईकडे. मी आमटी ओरपत होतो. चाळीतल्या बाकी एकानेही तिला मत दिलं नाही, याचं तिला वाईट वाटलं असणारच, पण तिने ते गिळलं. सहावं मत मात्र गिळता येईना. आणि मग तिनेच उत्तर शोधलं. "आईचा हात थरथरला असेल. बाद झालं असेल."

आजी म्हणाली, "माझं बरोबर पडलं होतं गं."

"असू दे आई. होतं असं."

"मी नीट बघून मारला. कपबशीवरच."

"असू दे म्हटलं ना."

आजी गप्प बसली. पुढे चार वर्षांनी गेली. तोवर घरात कुणी निवडणुकीचा विषय काढला की आत्या समजुतीने म्हणायची, "आईचं मत बाद झालं, नाहीतर सहा झाली असती." आणि आजी एकदाही पुन्हा वाद घालायला गेली नाही. शेवटी शेवटी तर तिलाही ते खरं वाटायला लागलं असावं. स्वतःच्या हाताकडे बघत बसायची.

आजीचा शिक्का बाद झाला नव्हता. सहावं मत माझं होतं.

मी त्या मोठ्या पक्षाच्या उमेदवाराला मत दिलं. कारणं मी तेव्हा स्वतःला नीट सांगितली होती. अपक्षाला मत म्हणजे वाया. ती येणार नाहीच. आली तरी काय करणार, तीच म्हणते नगरसेवकाला अधिकार नाहीत. ही सगळी कारणं खोटी होती. खरं कारण एकच. पडद्याआड उभा राहून कपबशी बघितली आणि मित्रांचं ओरडणं आठवलं. एवढ्याशा लाजेपोटी.

आणि त्याहून वाईट म्हणजे त्या रात्री पाटावर बसून मी तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्या बाईवर आळ गेला आणि मी ताक मागितलं.

आत्या पराभवाबद्दल कधी रडली नाही. उलट तिला एक दिलासा सापडला होता. फिरोजशहा मेहता. १९०७ साली मेहतांना महापालिकेबाहेर काढायचा काही बड्या इंग्रजांनी घाट घातला. जस्टिसांमधून सोळा जण निवडायचे होते, आणि मतं अशी जुळवली की ज्याने ही महापालिका घडवली त्याचा नंबर लागला सतरावा. पडले. पण सोळाव्याची निवड कोर्टात रद्द झाली आणि मेहता आत आले. "त्यांचाही सतरावा नंबर होता," आत्या म्हणायची, "माझा सातवा. म्हणजे मी बरीच पुढे."

आणि अर्ज लिहायचं काम तिने सोडलं नाही. वहीही. १९९४ मध्ये निर्मला सामंत-प्रभावळकर महापौर झाल्या तेव्हा तिने पेढे वाटले. सुलोचना मोदींनंतर अडतीस वर्षांनी दुसरी बाई! १९९८ मध्ये महापौरांना मंत्रिमंडळासारखे खरे अधिकार देणारी 'मेयर-इन-कौन्सिल' पद्धत आली, तेव्हा तर तिने मला मुद्दाम ऑफिसात फोन केला. "नवरदेवाच्या हातात लाडवाचं ताट आलं रे!" वर्षभरात ती पद्धत गुंडाळली गेली. वहीत शेरा, "ताट काढून घेतले."

मला बरीच वर्षं वाटायचं की आत्याचं हे वेड फुकट आहे. ज्या खुर्चीत काही जोर नाही तिची इतकी मोजदाद कशाला? मार्च २०२२ मध्ये मुंबई महापालिकेची मुदत संपली. प्रभागरचना, ओबीसी आरक्षण, कोर्टकज्जे यांत निवडणूक अडकली आणि आयुक्तच प्रशासक झाले. पूर्वीही १९८४-८५ मध्ये सुमारे वर्षभर असं झालं होतं, पण या खेपेला जवळजवळ चार वर्षं. २२७ नगरसेवकांपैकी एकही नाही, महापौर नाही. सभागृह, स्थायी समिती आणि आयुक्त या तिघांचं काम एकाच सहीवर. म्हणजे पुन्हा १८६५, असं आत्या म्हणायची. शहर काही बंद पडलं नाही. कचरा उचलला जात होता, पाणी येत होतं, बजेटही दरवर्षी मांडलं जात होतं. काम करणारा हात होता. विचारणारं तोंड नव्हतं.

तेव्हा मला तिचं ते जिन्यावरचं भाषण कळलं. "मी फक्त विचारू शकते" हे ती कमीपणाने सांगत नव्हती. मेहतांनी १८७१ मध्ये तेच मागितलं होतं. आणि त्या विचारण्याला वजन येतं ते मागे मतं असतात म्हणून. मोजलेली, एकेक.

२०२६ च्या १५ जानेवारीला शेवटी मतदान झालं. राज्यातल्या २९ महापालिकांचं एकाच दिवशी. मी आता डोंबिवलीकर. सकाळी आमच्या प्रभागात माझी चार मतं दिली (मुंबईबाहेर एका प्रभागात अनेक जागा, मुंबईत मात्र एकाला एकच मत) आणि लोकल पकडून गिरगावात गेलो. आत्याला घेऊन केंद्रावर जायचं होतं. एका हातात काठी, एका हातात माझा दंड. रांगेतल्या लोकांनी पुढे सोडलं. आता शिक्का नाही, बटण. बाहेर येऊन बाकावर बसली आणि शाई लावलेलं बोट बघत म्हणाली, "हे बटण बरं आहे. आईच्या वेळी असतं तर तिचं मत बाद झालं नसतं."

मी पाण्याची बाटली उघडून दिली. तेव्हाही बोललो नाही.

मग तो फोन आला. यादीत नवं नाव लिहिलं रे. ती खुशीत होती. नव्या नावापुढे शेरा अजून लिहिला नाही म्हणाली, थोडे दिवस बघू. ती पुढे काहीतरी बोलत होती आणि मी म्हणालो, "आत्या, ब्याण्णव सालचं सहावं मत माझं होतं."

"काय?"

ऐकू आलं नव्हतं. ऑफिसच्या जिन्यात उभा होतो. मोठ्याने पुन्हा सांगावं लागलं. वर जाणारी दोन माणसं वळून बघत गेली. "मी तुला मत दिलं नव्हतं. दुसऱ्याला दिलं. आजीचं बाद झालं नव्हतं."

बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं फोन कट झाला. मी मनात वाक्यं जुळवत होतो. लहान होतो, अक्कल नव्हती, वगैरे.

मग आत्या बोलली. आवाज नेहमीसारखा चढा नव्हता.

"म्हणजे आईचा शिक्का बरोबर पडला होता?"

"हो."

"कपबशीवर?"

"हो, आत्या."

"मी तिला चार वर्षं म्हणत राहिले, बाद झालं म्हणून. आणि तिला जमलं होतं."

मी म्हणालो, माझी चूक आहे. ती म्हणाली, तुझी आहेच, तिचं नंतर बघू, पुढच्या रविवारी ये. आणि मग एकदम तिच्या नेहमीच्या जाहीर आवाजात, "तू ते कॉम्प्युटरवर लिहितोस ना? आपल्या सगळ्यांना पाठवतोस ते? त्यात लिही. तुझं नाव घालून लिही. सगळ्यांना कळू दे आईला जमलं होतं म्हणून."

म्हणून लिहिलं.